मदत हवी आहे: बचाव केंद्र असलेल्या उद्यानात जायचंय, सोबत पक्ष्याचं एक पिल्लू न्यावं का?

रविवारी मुलांना (वय ६ आणि ९) घेऊन वन्यप्राणी बचाव केंद्र असलेल्या उद्यानात जायचा बेत आहे. जखमी प्राण्यांवरचे उपचार बघू देतात का? घरचा कुत्रा नेला तर चालतो का? शिवाय अंगणात आज एक पिल्लू सापडलंय. पिसं आलीत, शेपूट आखूड, उडत नाही, नुसत्या टुणटुण उड्या मारतंय. तेही तिथे द्यावं म्हणतोय. तोवर दूध-पाव चालेल ना?

रानवाटा:
दूध-पाव अजिबात नको, पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. चोचीत पाणीही सोडू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, थेंब सरळ फुप्फुसात जातो.
वर्णनावरून हे नुकतंच घरट्याबाहेर पडलेलं पिल्लू दिसतंय. या वयात ती जमिनीवरच असतात आणि आई-बाप येऊन भरवतात. जवळच्या झुडपात ठेवा, लांबून तासभर नजर ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते, हा निव्वळ गैरसमज. (पिसं नसलेलं असतं तर घरट्यात परत ठेवायचं.) अशा धडधाकट 'अनाथां'नीच केंद्रं भरून जातात.

पाणकोंबडी:
उपचार कक्ष सहसा बंदच असतो, आणि तो तसाच हवा. हरीण, ससा असे प्राणी पकडले गेले किंवा माणसांनी घेरले की भीतीने त्यांचे स्नायू झिजतात, त्यातली द्रव्यं मूत्रपिंडं निकामी करतात. वरून ठणठणीत दिसणारा प्राणी दोन-चार दिवसांनीही मरतो. पिल्लांची अडचण वेगळी: माणसांची सवय लागली की जंगलात सोडता येत नाही.
बघायला मिळतात ते कायमचे रहिवासी. पंख मोडलेली घार, माणसाळलेलं घुबड वगैरे. उद्यान उघडताच पहिल्या तासात जा, दुपारी बहुतेक प्राणी झोपलेले असतात. फ्लॅश बंद. मुलांना काचेवर टकटक करू देऊ नका.
कुत्रा घरीच ठेवा. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा संसर्गजन्य रोग कोल्ह्या-लांडग्यांनाही होतो.

धागाकर्ता:
आभारी आहे. एक लिहायचं राहिलं: पिल्लू मांजराच्या तोंडातून सोडवलंय. पण जखम कुठेच दिसत नाही.

रानवाटा:
मग वरचं झुडपाचं विसरा आणि रविवारची वाटही बघू नका. सुळ्यांची भोकं टाचणीएवढी, पिसांखाली दिसतच नाहीत. मांजराच्या तोंडातले पाश्चुरेला जिवाणू रक्तात गेले तर पक्षी एक-दोन दिवसांत दगावतो. प्रतिजैविक काही तासांत सुरू व्हायला हवं, आणि तेही केंद्रातल्या डॉक्टरांनीच द्यायचं.
पुठ्ठ्याचं खोकं घ्या. भोकं पिल्लू आत ठेवण्याआधी पाडा, आतून बाहेर, म्हणजे टोकं आत येत नाहीत. तळाला जुना सुती टीशर्ट. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. धरताना छाती आवळू नका. पक्ष्यांना श्वासपटल नसतं, छातीचं हाड हललं तरच श्वास चालतो. झाकण बंद, गाडीत गाणी नकोत. मुलांनी उघडून बघायचं नाही, हे सगळ्यात अवघड :)

पाणकोंबडी:
निघण्याआधी केंद्राला फोन करा. काही केंद्रं ठराविक प्राणीच घेतात, आणि जखमी प्राणी स्वीकारायची वेळ उद्यानाच्या वेळेपेक्षा वेगळी असू शकते. पिल्लू नेमकं कुठे आणि किती वाजता सापडलं ते चिठ्ठीवर लिहून खोक्याला चिकटवा. बरं झाल्यावर शक्यतो त्याच जागी सोडतात.