गेमचा आवाज बिघडला की ‘ड्रायव्हर पुन्हा टाका’ हा पहिला सल्ला नको

बारीककान (धागाकर्ता)

गेममध्ये आवाज येत नाही, फुटतोय, मध्येच गायब होतोय असं कोणी विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. ऑडिओचा ड्रायव्हर (विंडोज आणि साउंड कार्ड यांना जोडणारा प्रोग्राम) काढा, पुन्हा टाका. नाही जमलं तर गेम पुन्हा टाका. हा सल्ला पहिला म्हणून देणं थांबवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. शेवटचा उपाय म्हणून ठेवा, हरकत नाही.

कारण सांगतो. आवाज गेममधून निघून कानापर्यंत येईस्तोवर चार टप्पे पार करतो. पहिला गेम स्वतः: पावलं, संवाद, संगीत हे सगळं तो एफमॉड किंवा वाइजसारख्या तयार ऑडिओ इंजिनातून, नाहीतर स्वतःच्या इंजिनातून एकत्र करतो. दुसरा विंडोजचा मिक्सर, जो चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एका ठरलेल्या दराने मिसळतो. तिसरा ड्रायव्हर. चौथा हेडफोन किंवा स्पीकर. बिघाड यातल्या कुठल्याही टप्प्यावर असू शकतो आणि प्रत्येक टप्प्याची लक्षणं वेगळी असतात. नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी टाकी बघतो, वॉल्व्ह बघतो. भिंत फोडून पाइप बदलायला घेत नाही.

बाकी सगळीकडे आवाज ठणठणीत आणि एकाच गेममध्ये शांतता, तर ड्रायव्हरवर संशय घेण्याचं कारणच नाही. व्हॉल्यूम मिक्सर उघडा. त्या गेमची पट्टी शून्यावर गेलेली असते, किंवा त्याचं आउटपुट भलत्याच उपकरणाला बांधलेलं असतं. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट झाल्यावर एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर डिफॉल्ट स्पीकर होऊन बसतो आणि आवाज त्या मॉनिटरकडे जात राहतो, हे तर कायमचं आहे.

मित्रांशी बोलायला लागलात की गेमचा आवाज खाली जातो? साउंड कंट्रोल पॅनलमध्ये ‘कम्युनिकेशन्स’ टॅब बघा. कॉल चालू असल्याचं कळलं की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, हीच तिथली मूळची निवड आहे. ‘डू नथिंग’ करा, विषय संपला.

आणि मित्रांशी बोलताना आवाज नुसता कमी न होता पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होत असेल, तर हेडसेट ब्लूटूथचा आहे का, हे आधी विचारा. मायक्रोफोन बंद असतो तेव्हा हेडसेट ए-टू-डी-पी या पद्धतीने चांगला स्टिरिओ आवाज देतो. गेमने मायक्रोफोन उघडला की तो हँड्स-फ्री पद्धतीवर जातो, म्हणजे फोनवर बोलण्याच्या दर्जावर. तिथे आवाज मोनो होतो आणि सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुने (आवाजाची क्षणोक्षणीची मोजमापं) एवढ्यावरच येतो, तर गेम सहसा ४८,००० च्या हिशेबाने आवाज तयार करत असतो. ८,००० नमुन्यांत ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच मावत नाही. पावलाखाली चुरचुरणारी खडी, बंदुकीत मॅगझिन बसल्याची टिचकी, यातलं बरंचसं त्याच्या वर असतं. यावर ड्रायव्हर पुन्हा टाकून काय होणार?

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. ड्रायव्हर पुन्हा टाकला की डिफॉल्ट उपकरण, नमुन्यांचा दर, एन्हान्समेंट्स (आवाजावर वरून चढवलेले इफेक्ट) हे सगळं एकदम बदलू शकतं. आवाज परत आला तरी नेमकं काय चुकलं होतं ते कळत नाही. पुढच्या अपडेटनंतर तोच माणूस तोच प्रश्न घेऊन परत येतो.

रात्रपाळी

असहमत. अगदी मुळातून असहमत.

दिवसभराचं काम आटपून माणसाला खेळायला तासभर मिळतो. त्याला चार टप्पे समजून घ्यायचे नाहीत, खेळायचं आहे. ड्रायव्हर पुन्हा टाकायला दहा मिनिटं लागतात आणि त्याने ‘सगळं एकदम बदलतं’ हा तुम्ही दोष म्हणून सांगताय, माझ्या मते तोच त्याचा गुण आहे. पाच-सहा शक्यता एका फटक्यात निकाली निघतात.

शिवाय ड्रायव्हरचा दोष खरोखर असतो हे तुम्ही झाकताय. विंडोज अपडेटने लॅपटॉप बनवणाऱ्याचा ड्रायव्हर बाजूला सारून सर्वसाधारण ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ बसवला, की हेडफोन लावल्याचं मशीनला कळेनासं होतं किंवा आवाज अगदी मलूल येतो. अशा वेळी लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून मूळ ड्रायव्हर घेऊन टाकणं हाच इलाज आहे. व्हॉल्यूम मिक्सर कितीही न्याहाळा, काही होणार नाही.

खेळिया

तुम्ही दोघंही भार खेळाडूवरच टाकताय. एक म्हणतो निदान करा, दुसरा म्हणतो पुन्हा टाका. गेम बनवणाऱ्यांना कोणी काही विचारणार आहे की नाही?

विकत घेतलेल्या गेममध्ये ‘आवाज कुठल्या उपकरणातून’ हा साधा पर्याय अजूनही अनेकदा नसतो. गेम सुरू होताना जे डिफॉल्ट असेल त्याला चिकटून बसायचं, मध्येच हेडफोन लावला तर गेम बंद करून परत उघडायचा, हे कशासाठी? उपकरण बदलल्याची सूचना विंडोज प्रोग्रामला देतं. ती ऐकून घेणं हे गेमचं काम आहे. चित्राच्या बाबतीत रिझोल्यूशन, मॉनिटर, ब्राइटनेसचा चाचणी-पडदा असं सगळं देतात. आवाजाला तीन पट्ट्या देऊन मोकळे होतात. डावा स्पीकर, उजवा स्पीकर, मधला स्पीकर असा एक चाचणी आवाज ऐकवला असता तर निम्मे प्रश्न इथे आलेच नसते.

मंदध्वनी

वाद चालू द्या, पण माझी अडचण याच विषयातली आहे म्हणून विचारते. गेममध्ये गोळीबार ऐकू येतो, पाऊस ऐकू येतो, संगीत तर जोरात वाजतं. पण समोरचं पात्र बोलायला लागलं की फक्त ओठ हलतात. तेच पात्र माझ्या उजवीकडे चालत गेलं की त्याचा आवाज हळूहळू यायला लागतो. साधा वायरचा हेडफोन आहे. संवादाची पट्टी पूर्ण वर आहे. ड्रायव्हर पुन्हा टाकून झाला, फरक नाही.

बारीककान

मंदध्वनी, तुम्ही फार नेमकं सांगितलंत. समोरचा आवाज जातो आणि बाजूला सरकला की येतो, यातच उत्तर आहे. गेम ५.१ किंवा ७.१ स्पीकर (म्हणजे चहूबाजूंना मांडलेला सहा किंवा आठ स्पीकरांचा संच) आहेत असं धरून चाललाय. त्या मांडणीत समोरचा संवाद मधल्या स्पीकरला जातो, आणि हेडफोनला मधला स्पीकर नसतोच. साउंड सेटिंगमध्ये तुमचं उपकरण निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा आणि ‘स्टिरिओ’ करा. मग गेममध्येही आउटपुट ‘हेडफोन’ किंवा ‘स्टिरिओ’ आहे का ते बघा. गेम बंद करून परत उघडा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने सुटलं ते कळेल.

मंदध्वनी

आला आवाज! विंडोजमध्ये ७.१ होतं. मी ते कधीच निवडलेलं नव्हतं. आधीच्या हेडसेटबरोबर एक सॉफ्टवेअर टाकलं होतं, बहुधा त्याने करून ठेवलं असावं. गेममध्ये काहीच बदलावं लागलं नाही. मनापासून आभार.

खेळिया

आणि गेमने ते मुकाट्याने मान्य केलं. ‘तुमचं उपकरण ७.१ दिसतंय, हेडफोन वापरताय का?’ एवढा एक प्रश्न विचारला असता तर? माझं म्हणणं एवढंच आहे.

रात्रपाळी

बारीककान, उत्तर अचूक, मान्य. पण तुम्हाला लक्षण ओळखता आलं कारण ते तुमच्या माहितीतलं होतं. पाहिलं नसतंत तर तुमचे चार टप्पे घेऊन दोन तास बसला असतात. सल्ला तज्ज्ञासाठी नसतो, अडलेल्यासाठी असतो.

बारीककान

पण अडलेल्या माणसाने ड्रायव्हर पुन्हा टाकूनच विचारलं होतं! वेळ गेला आणि हाती काही लागलं नाही. ओळखता येण्यासाठी ज्ञान लागतं हे बरोबर. म्हणूनच आपण इथे उत्तर देणाऱ्यांनी आधी दोन प्रश्न विचारावेत: फक्त याच गेममध्ये का, आणि दुसऱ्या हेडफोनवरही तसंच का. दोन्हींना तांत्रिक ज्ञान लागत नाही. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं की ड्रायव्हर यादीत अगदी खाली जातो. दुसऱ्याचं ‘नाही’ आलं की दोष हेडफोनकडे किंवा त्याच्या सेटिंगकडे. तुमचा सर्वसाधारण ड्रायव्हरचा दाखलाही यात बसतो, कारण तिथे प्रत्येक गेममध्ये आणि गेमच्या बाहेरही आवाज बिघडलेला असतो.

जुनाखेळाडू

खेळिया यांचा मुद्दा नव्या गेमपुरता ठीक. जुन्या गेमचं काय? बनवणारी कंपनीच उरलेली नाही, जबाबदारी कोणावर टाकणार?

विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात गेमच्या सेटअपमध्ये साउंड ब्लास्टर या साउंड कार्डाचा पत्ता २२०, आयआरक्यू ५ किंवा ७, डीएमए १ हे कार्डाशी जोडणीचे आकडे आपणच भरायचो. एक आकडा चुकला की संपूर्ण शांतता. कंटाळवाणं होतं, पण दोष कुठे आहे ते निदान दिसायचं. नंतरचा मोठा घाव विंडोज व्हिस्टाचा, जी २००७ च्या जानेवारीत सर्वसामान्यांच्या हाती आली. तिच्यात आवाजाची रचना मुळापासून बदलली आणि डायरेक्टसाउंडला (गेम ज्यातून आवाज वाजवायचे ती विंडोजची जुनी सोय) साउंड कार्डाच्या हार्डवेअरपर्यंत थेट जाता येईनासं झालं. त्यामुळे ईएएक्सचा (साउंड ब्लास्टर कार्डांवरचे जागेनुसार बदलणारे ध्वनिपरिणाम) घुमणारा बोगदा, भिंतीपलीकडून दबून येणारा आवाज, हे सगळं एका पिढीच्या गेममधून नाहीसं झालं. गेम तोच, कार्ड तेच, ड्रायव्हर नवा कोरा, तरी आवाज सपाट. हा ना खेळाडूचा दोष, ना ड्रायव्हरचा, ना गेमचा.

याला उपाय आहे. क्रिएटिव्हचं अल्केमी किंवा मुक्त स्रोतातलं डीएसओएएल. दोन्ही डायरेक्टसाउंडला गेमने दिलेल्या आज्ञा ओपनएएल या दुसऱ्या ध्वनिप्रणालीकडे वळवतात. डीएसओएएलची फाइल गेमच्या फोल्डरमध्ये ठेवायची, ओपनएएल सॉफ्ट (ओपनएएलची मुक्त स्रोतातली आवृत्ती) बरोबर द्यायचं. पहिल्यांदा बोगद्यात शिरल्यावर पावलांचा प्रतिध्वनी परत ऐकू आला की इतकी वर्षं काय गमावलं होतं ते कळतं. आणि ‘एक्सऑडिओ २.७ सापडत नाही’ (डायरेक्टसाउंडनंतरची विंडोजची ध्वनिप्रणाली) अशी तक्रार करून गेम उघडतच नसेल, तर डायरेक्टएक्सचं, म्हणजे गेमना लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या फाइलींच्या संचाचं, जून २०१० चं रनटाइम टाका. विंडोज १० बरोबर येणारं एक्सऑडिओ २.९ त्याच्या जागी आपोआप चालत नाही. इथे ‘पुन्हा टाका’ नाही, ‘नसलेलं टाका’ असा सल्ला हवा.

पेंग्विनपंथी

लिनक्सवाल्यांसाठी: प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं साधन) आवाज तडतडत असेल तर गेमच्या लॉन्च ऑप्शनमध्ये पल्सऑडिओ या ध्वनिव्यवस्थेची लेटन्सी, म्हणजे आवाजाला दिलेला उशीर, ६० मिलिसेकंद देऊन बघा. त्याऐवजी नवी पाइपवायर असेल तरी बऱ्याचदा लागू पडतं. इकडे ड्रायव्हर कर्नलमध्येच (सिस्टिमच्या गाभ्यात) असतो, त्यामुळे पुन्हा टाकण्याचा प्रश्न सहसा येत नाही.

रात्रपाळी

तडतडीचा विषय निघालाच आहे तर विंडोजवरही बोला. सगळ्या गेममध्ये तडतड, गेम जड झाला की जास्त. तुमच्याच नियमाने हा ड्रायव्हरचा दोष झाला ना?

बारीककान

ड्रायव्हरचा असू शकतो, पण बहुतेकदा ऑडिओच्या ड्रायव्हरचा नसतो. विंडोजचा मिक्सर साधारण दर १० मिलिसेकंदांनी पुढचा तुकडा मागतो. ४८,००० च्या दराने त्यात ४८० नमुने बसतात. तेवढे वेळेत पोचले नाहीत की तिथे खड्डा पडतो आणि तो कानाला ‘टक्’ असा लागतो. उशीर करणारा कोणीही असू शकतो. वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो आणि शिक्षा ऑडिओला होते. लेटन्सीमॉन नावाचं मोफत साधन चालू ठेवा, थोडा वेळ खेळा, मग यादीत सर्वात वर कोणता ड्रायव्हर आहे ते बघा. नेटवर्कचा निघाला तर वायफाय बंद करून तडतड जाते का तपासा. गेली तर वायफायचा ड्रायव्हर बदला. मी ड्रायव्हरला हात लावूच नका असं म्हणत नाही, कोणत्या ड्रायव्हरला लावायचा ते आधी ठरवा.

रात्रपाळी

ठीक. तुमचे दोन प्रश्न मला पटले, ते मी यापुढे विचारेन. पण लेटन्सीमॉन चालवून यादी वाचायला सांगणं मला अजूनही जास्तच वाटतं. दोन प्रश्नांनंतर दिशा कळली नाही, तर मी ड्रायव्हरच सांगणार.

उजवाकान

मला एकाच कानाने ऐकू येतं, म्हणून या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘मोनो ऑडिओ’ आहे. तो लावला की डावीकडचं सगळं माझ्या उजव्या कानात येतं आणि संवाद सुटत नाहीत, पण शत्रू कोणत्या बाजूने येतोय हे कळत नाही. ती माहिती फक्त गेमच देऊ शकतो, पडद्यावर आवाजाची दिशा दाखवून. काही गेम ते देतात आणि माझ्यासाठी तेच खेळण्याजोगे ठरतात. खेळिया यांच्या बाजूने माझं मत धरा. माझी अडचण कुठलंही निदान करून सुटणारी नाही.

खेळिया

धन्यवाद. एक पुरवणी: गेममध्ये हेडफोनसाठी त्रिमितीय आवाज चालू असेल तर विंडोज सॉनिक (विंडोजचा स्वतःचा त्रिमितीय आवाज) किंवा तत्सम काही वरून लावू नका. दोन्हींची प्रक्रिया एकावर एक चढली की दिशा गढूळ होते आणि लोक हेडफोनला दोष देतात. हे गेमनेच सेटिंगशेजारी लिहायला हवं.

बारीककान

उजवाकान, तुमच्या म्हणण्यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही. दिशा दाखवणं हे गेमचंच काम आहे आणि ते मागायलाच हवं. खेळिया, उपकरण निवडण्याच्या पर्यायाबद्दलही पूर्ण सहमत. पण आज रात्री जो अडलाय त्याला पुढच्या वर्षीचं अपडेट उपयोगी नाही, म्हणून पहिला सल्ला कोणता हा प्रश्न उरतोच.

मंदध्वनी

अजून एक विचारते. आता ब्लूटूथ हेडसेट घ्यायचा विचार होता, पण वर वाचून थांबले. मित्रांशी बोलत खेळायचं असेल तर घेऊच नको का?

जुनाखेळाडू

घ्या, पण त्याचा मायक्रोफोन वापरू नका. लॅपटॉपचा किंवा वेगळा यूएसबी मायक्रोफोन इनपुट म्हणून निवडा, विंडोजमध्ये आणि बोलण्याच्या ॲपमध्येही. हेडसेटच्या सेवांमधून हँड्स-फ्री टेलिफोनी बंद करून टाकली तर चुकूनही घसरणार नाही. हे सगळं नको असेल तर स्वतःचा यूएसबी रिसीव्हर असलेला वायरलेस हेडसेट बघा. तो ब्लूटूथवर चालत नाही, म्हणून मायक्रोफोन चालू केल्यावर फोनच्या दर्जावर उतरत नाही.