तुकडेबंदी शिथिल झाली, पण रस्ता कुठून काढणार?

कृष्णाकाठ:
काल एकांनी लिहिलं होतं, ‘तुकडेबंदीची कटकट गेली. घरामागची जागा गुंठा-गुंठा करून विका, लेआउटच्या (मंजूर प्लॉट-आखणीच्या) भानगडीत पडू नका, रस्त्याचं नंतर बघता येतं.’ तुकडेबंदी म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान जमिनीचा तुकडा विकायला बंदी. ते वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

नंतर काही बघता येत नाही. २०२५ च्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकड्यांचे व्यवहार नियमित व्हायची वाट मोकळी केली. सातबाऱ्याला नाव लागेल, चांगलंच आहे. पण नाव लागलं म्हणून दारात गाडी येत नाही.

मी सांगलीत गुंठेवारीतच, म्हणजे लेआउट न करता गुंठा-गुंठा विकलेल्या वस्तीत वाढलो. वडिलांनी १९९४ साली दीड गुंठा घेतला. विकणाऱ्याने फक्की मारून वीस फुटी रस्ता दाखवला. खरेदीखताच्या चतुःसीमेत ‘पूर्वेस रस्ता’ एवढंच, रुंदी नाही. रस्त्याची जमीन सातबाऱ्यावर त्याच्याच नावे राहिली. तो वारल्यावर मुलांनी वारसनोंद केली आणि त्यातली पट्टी विकून टाकली. आम्हाला उरला सात फुटांचा बोळ. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा १०८ ची गाडी कोपऱ्यावरच थांबली. पावसाळा, काळ्या मातीचा राडा, पाय टाकला की चप्पल आतच. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून मी आणि शेजारच्या काकांनी आईला उचलून नेलं. दोनदा खुर्ची खाली टेकवावी लागली. आई वाचली, उजवा हात गेला.

चार गुंठे:
ती पोस्ट माझीच. आईंचं वाचून वाईट वाटलं, पण माझंही ऐका. माझी जागा ६६ बाय ६६ फूट. लेआउट करायचा तर आतला रस्ता किमान ९ मीटर, म्हणजे जवळपास ३० फूट. उरले ३६ फूट. आम्ही तिघे भाऊ, त्यात काय वाटून घेणार? आणि लेआउटमधला एनए (बिगरशेती) प्लॉट गवंड्याला, रंगाऱ्याला परवडतो का? गुंठा घेतो तो हौसेने घेत नाही. २००१ ला गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, २०२१ ला ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारीही त्यात घेतली. सरकार शेवटी पदरात घेतंच की.

माहेर मिरज:
रस्ता सोडून तरी काय होतं? आमच्या गल्लीत वीस फूट सोडला होता. एकाने ओटा काढला, दुसऱ्याने जिना उतरवला, तिसऱ्याची चारचाकी रात्रंदिवस रस्त्यात. परवा गॅसची गाडी मागे घेताना आमच्या कंपाउंडचा खांब पाडला.

वाळवेकर:
ताई, गाडी काय माडीवर लावू? घर बांधलं तेव्हा सायकल होती.

माहेर मिरज:
मग सायकलच ठेवायची होती. तुमच्या सोयीसाठी आमच्या सासऱ्यांनी डायलिसिसला जाताना गटारावरच्या फरशीवरून चालायचं का?

वाळवेकर:
मला काय माहीत कुणाचे सासरे कुठे जातात! पावसाचं पाणी घरात येतं म्हणून लोक ओटा उंच करतात. शामरावनगरात एक पावसाळा काढा, मग बोला.

माहेर मिरज:
उंच करा ना, पण स्वतःच्या हद्दीत. पहिली पायरी रस्त्यात आली की पाणी आमच्या दारात वळतं. तीन वर्षं हेच सांगतेय.

जुना मोजणीदार:
पायऱ्यांचं भांडण थांबवा. तीस वर्षं मोजण्या केल्या, त्यावरून सांगतो. विकताना रस्ता मोजून नकाशावर घ्या, त्याची रुंदी प्रत्येक खरेदीखतात लिहा आणि त्या पट्टीची सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद करा. मूळ मालकाच्या नावे मोकळी राहिलेली पट्टी आज ना उद्या विकली जाते.

चार गुंठे:
अडलंच तर तहसीलदाराकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली रस्ता मागता येतो ना?

जुना मोजणीदार:
ते शेताच्या बांधावरून जायला. घराच्या प्लॉटला दिवाणी कोर्टात जायचं, १८८२ च्या सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जागेतून जायच्या वगैरे हक्काच्या) कायद्याखाली. वीस वर्षांची वहिवाट सांगायची तर साक्षीदार म्हातारे झालेले असतात.

कृष्णाकाठ:
आम्ही तेच केलं. अकरा वर्षं तारखा चालू आहेत. वकिलाची फी मोजली तर तेवढ्यात अर्धा गुंठा आला असता. ३० फूट सगळ्यांना जमत नाही हे मान्य करतो, मनाविरुद्ध करतो. पण ‘नंतर बघू’ म्हणून लोकांना विकू नका.

चार गुंठे:
ठीक आहे, ते वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही घेणार. वीस फूट सोडतो, त्यावर एक इंच नाही, भाऊ आताच कुरकुरतायत. सोमवारी मोजणीचा अर्ज टाकतो. मोजणीदार काका, वळणावर कोपरा किती कापायचा तेवढं सांगा. पाण्याचा टँकर वळला पाहिजे.