दुपाखी छपरावर प्लायवूड बसवताना शीटांमध्ये फट ठेवावी की नाही?

बोरीकाठ (प्रश्न):
अमळनेर तालुक्यातील आमच्या गावच्या घरावरचे पत्रे काढून तेथे लाकडी दुपाखी छप्पर करण्याचे आणि त्यावर डांबरी शिंगल (कौलांसारख्या एकमेकींवर चढवायच्या डांबरी चपट्या पट्ट्या) बसवण्याचे आम्ही ठरवले आहे. प्रत्येक पाखे 24 फूट लांब असून आढ्यापासून वळचणीपर्यंतचे अंतर 12 फूट आहे. सागाचे दोन इंची वासे 2-2 फुटांवर उभे झाले आहेत. शिंगलला खाली सलग पृष्ठभाग लागतो, म्हणून वाशांवर 12 मिमी जाडीचे प्लायवूड ठोकायचे आहे. काम आखाजी (अक्षय तृतीया) झाल्यावर सुरू होईल.

आमचे मिस्तरी आयुष्यभर कपाटे आणि दरवाजे करत आले आहेत आणि त्यांच्या हाताला खरोखर सफाई आहे. त्यांचे म्हणणे असे, की शीटा वाशांच्या दिशेने उभ्या लावाव्यात, म्हणजे कापाकापी कमी होईल, आणि दोन शीटांमध्ये कागदही सरकणार नाही इतका घट्ट सांधा बसवावा, नाहीतर पाणी आत येईल. माझ्या वाचनात मात्र याच्या उलट आले आहे. यात बरोबर काय, आणि प्लाय कोणत्या प्रतीचे घ्यावे?

गुण्या-ओळंबा:
दोन्ही बाबतींत तुमचे वाचन बरोबर आहे. मिस्तरींचा मात्र यात दोष नाही, कारण फर्निचरमध्ये घट्ट सांधा हीच कसब मानली जाते.

आधी दिशेचे पाहू. प्लायच्या वरच्या थराचे रेषे ज्या दिशेने धावतात, त्या दिशेने शीट वाकायला अधिक ताठ असते. शीटची 8 फुटांची बाजू वाशांना आडवी ठेवली, की हे रेषे एका वाशावरून दुसऱ्या वाशावर जातात आणि एकच शीट चार गाळे (दोन वाशांमधली अंतरे) ओलांडते. तीच शीट उभी लावली, तर दोन वाशांच्या मधे ती पायाखाली दबते. कापणीचे म्हणाल, तर तुमच्या मापात ती नगण्य आहे. एका पाख्याला तीन ओळी आणि ओळीत तीन शीटा लागतील. मधली ओळ अर्ध्या शीटने सुरू करून अर्ध्यानेच संपवायची, म्हणजे उभे सांधे एका रेषेत येणार नाहीत, आणि त्यासाठी एकच शीट मधोमध कापावी लागेल. दोन्ही पाख्यांना मिळून 18 शीटा होतात. एखादी जास्त आणून ठेवा.

फट चारही बाजूंनी 3 मिमी ठेवावी. मापायला पट्टी नको, त्याच जाडीचा खिळा दोन शीटांच्या मधे उभा धरला की पुरते. पाणी अडवण्याचे काम प्लायच्या सांध्याचे नसून त्यावरच्या डांबरी कागदाचे आणि शिंगलचे असते. तो कागद वळचणीकडून सुरू करून वर न्यावा आणि वरच्या पट्ट्याने खालच्यावर किमान 4 इंच चढावे.

येथे एक गोष्ट हमखास निसटते. बाजारातली शीट 2440 मिमी लांब असते आणि तुमचे चार गाळेही जवळपास तेवढेच भरतात. त्यामुळे प्रत्येक फटीगणिक सांधा 3 मिमी पुढे सरकतो. तुमच्या ओळीत दोन-तीनच सांधे आहेत, म्हणून दोन इंची वाशावर हे खपून जाईल. लांब छपरावर मात्र काही शीटांनंतर टोक वाशावरून घसरते आणि खिळा हवेत जातो. तेव्हा शीटची कड तासून घ्यावी लागते.

खिळे अडीच इंची घ्या. कडांवर दर 6 इंचांवर आणि मधल्या वाशांवर दर 12 इंचांवर ठोकावेत, कडेपासून 10 मिमी तरी आत. खिळ्याचे डोके पृष्ठभागाशी सपाट राहावे. ते वरच्या थरात रुतले तर पकड जाते.

पांझराकाठचा:
घट्ट सांध्याचा परिणाम मी स्वतःच्या छपरावर भोगला आहे, म्हणून लिहितो. साक्रीजवळच्या शेतातल्या घरावर आम्ही मे महिन्यात प्लाय बसवले. त्या उन्हात शीटा इतक्या वाळल्या होत्या, की हातोडीने ठोकून एकमेकींत बसवताना आम्हाला सांध्यांचे कौतुक वाटत होते. श्रावणात एका संध्याकाळी तिरपे ऊन छपरावर पडले आणि दर चार फुटांवर एकेक आडवा वरंबा उठलेला दिसला, अगदी कांद्याच्या वाफ्यासारखा. हवेतली ओल पिऊन शीटा फुगल्या होत्या आणि पसरायला जागा नसल्याने कडा वर उचलल्या गेल्या होत्या. छप्पर गळले नाही, पण शिंगल काढून सांध्यांवर करवत फिरवावी लागली. आपल्याकडे उन्हाळा आणि पावसाळा यांच्यात जो टोकाचा फरक आहे, तो पाहता ही फट कोकणापेक्षाही इथे अधिक गरजेची आहे, असे माझे मत झाले आहे.

प्रतीविषयी सांगायचे, तर साधे कमर्शियल प्लाय घेऊ नका. शीटवर आयएस 710 (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचे भारतीय मानक) हा शिक्का पाहा. त्या प्रतीच्या डिंकाला 72 तास उकळत्या पाण्यात टिकावे लागते. शिक्क्यावर विश्वास नसेल, तर हातभर तुकडा मागून आणा आणि चुलीवरच्या पातेल्यात चार-पाच तास उकळा. आमच्या पहिल्या नमुन्याचे थर तासाभरात पुस्तकाच्या पानांसारखे उलगडले होते. कापलेल्या प्रत्येक कडेला बसवण्यापूर्वी रंगाचा हात द्या, कारण पाणी आणि उधई दोन्ही तिथूनच शिरतात.

केळीबाग:
वरील दोघांशी सहमत आहे, पण उष्णतेचा मुद्दा कोणी काढला नाही. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि काळे शिंगल ते सगळे ऊन शोषते. छताला खालून फळ्या मारून बंद करणार असाल, तर प्लाय आणि फळ्यांच्या मधे हवेला वाट ठेवा: वळचणीखाली जाळी आणि आढ्यावर झरोका, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाईल. नाहीतर खालची खोली भट्टी होईल आणि पावसाळ्यात प्लायला खालून दमटपणा लागेल.

दुसरे असे, की मे-जूनच्या वादळात आमच्या रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात. तोच वारा छपराला वळचणीपाशी वर खेचतो. त्यामुळे वळचणीच्या आणि दोन्ही टोकांच्या कडांवर खिळे 4 इंचांवर घ्यावेत. जेवढे प्लाय दिवसभरात ठोकाल, तेवढ्यावर त्याच संध्याकाळी डांबरी कागद चढवा. वळीव सांगून येत नाही. 12 मिमीची शीट वीस-पंचवीस किलोंची असते, ती वाऱ्यात एकट्याने वर नेऊ नये.

बोरीकाठ:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. आडव्या सांध्याची कड दोन वाशांच्या मधे अधांतरी राहते. तिला खालून आधार द्यावा का?

गुण्या-ओळंबा:
2 फुटांच्या गाळ्यात 12 मिमीला तो सक्तीचा नाही. तरीही मी देतो, कारण शिंगल लावणारा माणूस नेमका त्या कडेवरच पाय ठेवतो आणि शेजारच्या दोन कडा खाली-वर होतात. वाशांच्या मधे त्याच लाकडाचे आडवे ठोकळे बसवा. ते मात्र प्लाय चढवण्याआधी, सुतळीवर चुना लावून ओळ आखून बसवावेत, म्हणजे फटीचा मध्य ठोकळ्याच्या मध्यावर येईल.

बोरीकाठ:
मिस्तरींना हे वाचून दाखवले. फटीचे त्यांना अजून पटलेले नाही. पण प्लायचा तुकडा कालपासून त्यांनी स्वतःच्याच घरी पाण्यात बुडवून ठेवला आहे आणि भिजवण्यापूर्वीचे माप भिंतीवर पेन्सिलीने लिहिले आहे.