मदत हवी आहे: डिपॉझिट अडकलंय, चेक बाउन्स झालाय

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारच्या काकूंनी परळची भाड्याची खोली गणपतीआधी रिकामी केली. मालकाने "आज देतो, उद्या देतो" करत शेवटी डिपॉझिटचा चेक दिला, तो वटला नाही. 'अपुरी शिल्लक' असा शेरा मारलेला बँकेचा मेमो परवाच हातात पडलाय. चौकीत सांगितलं, "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा."

नुसते पैसे थकवणं म्हणजे फसवणूक नव्हे, सुरुवातीपासून फसवायचा हेतू दिसला तरच भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, हे मला पटतं. पण चेकचं वेगळं आहे ना! निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ प्रमाणे मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची, मग मालकाला पैसे भरायला १५ दिवस. म्हणजे वेळ कमी आहे, आणि काकू पार खचल्यात.

नोटीस वकिलामार्फतच पाठवावी का? १३८ ची तक्रार आणि वसुलीचा दावा सोबत चालवता येतो का? दावा लघुवाद न्यायालयात की शहर दिवाणी न्यायालयात? विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तो मुंबईत कुणी घेतलाय का? नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि डिपॉझिट भरल्याची बँकेची नोंद, दोन्ही आहे.