ई-टाइप : सिरीज १ की सिरीज २?

काचेमागचा (धागाकर्ता)
भाच्यानं वाढदिवसाला जॅग्वार ई-टाइप गाडीची दोन छोटी मॉडेलं दिली. एक १९६१ ला आलेली सिरीज १, दुसरी १९६८ ची सिरीज २. दोन्ही खिडकीत शेजारी ठेवलीत आणि आठवडाभर डोकं फिरलंय. पहिलीच्या बॉनेटवरून बोट फिरवलं की दिव्यावरच्या काचेवरून न अडता थेट नाकापर्यंत जातं. दुसरीवर ते दिव्याच्या खाचेत पडतं आणि क्रोमच्या कड्याला अडकतं. शिवाय नाकावरचं हवा घ्यायचं तोंड पण मोठं केलंय, पंचगंगेतल्या मरळीसारखं. माझं मत सरळ आहे : सिरीज २ म्हणजे फेटा बांधून त्यावर हेल्मेट.

उद्यमनगरकर
पण हेल्मेट नसलं की दंड बसतो, त्याचं काय? अमेरिकेत तेच झालं. १९६८ पासून तिथं दिव्यावर काच चालेना, आणि जॅग्वारचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तिथंच. मरळीचं तोंड पण हौसेनं केलेलं न्हाई. इंजिन तापायचं, म्हणून हवेची वाट मोठी केली आणि रेडिएटरमागं दोन इलेक्ट्रिक पंखे बसवले. तुमची सिरीज १ घेऊन मे महिन्यात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभं राहून दाखवा. मग सांगा सुंदर कोण ते.

काचेमागचा
कारण कळलं म्हणून आवडलंच पाहिजे, असं कुठाय भावा? आयुष्यात एकदा दिसणाऱ्या गाडीला मी सिग्नलवर कशाला उभी करू? न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयानं १९९६ मध्ये ई-टाइप ठेवून घेतली ती १९६३ ची आहे, झाकल्या दिव्यांची.

घाटातला
संग्रहालयात रात्र होत नाही! त्या तिरक्या काचेतून उजेड धड पडत नसे, आत दमट हवा साचली की आणखी मंद. श्रावणात गगनबावड्याच्या धुक्यात ती गाडी मला फुकट दिली तरी नको. आणि आपल्या कोल्हापूरच्या शाही दसऱ्याची मेबॅक गाडी बघा की. तिचे दिवे तर बॉडीच्या बाहेर उभे आहेत. तिला कुणी कुरूप म्हणतं का?

काचेमागचा
मेबॅक मिरवायची गाडी, ई-टाइप पळायची. तुलनाच चुकली. ई-टाइपचा आकार काढणारा माल्कम सेयर विमानाच्या कारखान्यातून आलेला. वळणं गणितानं काढायचा. तिथं हवेच्या वाटेत खाच पाडली म्हणजे सजावट नाही बिघडली, हिशोब बिघडला.

पॅटर्नवाला
दोघं नाकावरच भांडताय. मी उभा जन्म ओतकामाचे लाकडी पॅटर्न घासण्यात काढला, मला विचाराल तर खरा घोळ मागं आहे. सिरीज १ चे मागचे दिवे बारीक, बंपरच्या वर, अंगाच्या वळणात मुरलेले. सिरीज २ ला ते मोठे केले आणि बंपरच्या खाली टांगले. मागनं बघितलं तर दुसऱ्याच गाडीचे आणून बसवलेत असं वाटतं. पुढचे इंडिकेटरपण तसेच बंपरखाली गेले.
आणि एक. मधली एक गाडी हाय, लोक तिला दीड म्हणतात, १९६७-६८ ची. काच न्हाई, पण तोंड जुनंच, बारीक. तिचा फोटो बघा. काचेवाचून गाडी मेली न्हाई. बारीक तोंडानं सांभाळून घेतलं.

काचेमागचा
दीडचा फोटो आत्ता काढून बघितला. खोटं कशाला बोलू, वाईट नाही दिसत. पण मग गुन्हेगार तोंडच ठरलं की, उद्यमनगरकर!

उद्यमनगरकर
तोंड बारीक ठेवलं तर पाणी उकळणार. परत सिग्नल.

घाटातला
आतलं कुणी बोललंच नाही. सिरीज १ च्या डॅशबोर्डवर खटके होते, विमानासारखे ओळीनं. सिरीज २ ला चपटी बटणं, अपघातात कपाळाला लागू नये म्हणून. इथं मात्र मी काचेमागच्यांच्या बाजूला. खटका खाली पाडायची मजा बटणात नाही.

पॅटर्नवाला
असं करा, रविवारी दोन्ही मॉडेलं घेऊन शॉपवर या. नाकाला चिकटपट्टी लावून दिवे आणि तोंड दोन्ही झाकतो. मागनं बघून ठरवा. चहा माझ्याकडं.

काचेमागचा
येतो. पट्टी तुम्हीच लावा, मला रंग खरवडायची भीती वाटते.