डेटोना ५००: रिचर्ड पेटीची सात जेतेपदं आणि आजची जेतेपदं एकाच तक्त्यात कशाला?

चक्रधर (धागालेखक)

नॅसकार, म्हणजे अमेरिकेतल्या मोटारशर्यती, नियमाने बघणारे इथे थोडेच असतील, पण त्यांच्याशी एका मुद्द्यावर मनापासून वाद घालायचा आहे. फ्लोरिडातल्या डेटोनाच्या अडीच मैलांच्या ट्रॅकवर १९५९पासून दर फेब्रुवारीत डेटोना ५०० होते. २०० फेऱ्या, ५०० मैल. जेत्यांच्या तक्त्यात सर्वांत वर रिचर्ड पेटी, ७ वेळा. मग केल यारबरो, ४ वेळा. त्याखाली तीन-तीन वेळा जिंकलेले, त्यांत आजचा डेनी हॅमलिनही. माझं म्हणणं असं की हा तक्ता १९८८ला कापून दोन करावेत.

मे १९८७मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बॉबी अ‍ॅलिसनचं टायर फुटलं आणि गाडी उडून प्रेक्षकांसमोरची जाळी फाडत गेली. त्याच वर्षी बिल एलियटने डेटोनाला ताशी २१०.३६४ मैल वेगाने पोल (सर्वांत पुढून सुरुवात करायची जागा) घेतली होती. तो विक्रम आजही उभा आहे, कारण पुढच्याच वर्षी या दोन्ही ट्रॅकवर कार्बोरेटरखाली चार भोकांची धातूची पट्टी सक्तीची झाली. इंजिनात हवा कमी जाते, ताकद घटते. सगळ्यांचीच घटल्यामुळे कुणाला पुढे सुटता येत नाही. तीस-पस्तीस गाड्या बंपरला बंपर लावून पळतात आणि एकाची चूक पंधरा जणांना भोवते. २०१९च्या फेब्रुवारीनंतर पट्टी गेली, दुसरं साधन आलं, पण घोळका तसाच राहिला.

२०२१ पाहा. शेवटच्या फेरीत पुढचे दोघे, केसेलोव्स्की आणि लोगानो, एकमेकांवर आदळले आणि मायकेल मॅकडोवेल मधून निघाला. कप मालिकेत, म्हणजे नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत, ३५८व्या शर्यतीत त्याचा पहिला विजय! माणूस मेहनती आहे, मला त्याचा आनंदच झाला. पण हा विजय आणि पेटीचा १९६४चा विजय एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

घाटवळण

पूर्ण असहमत. पेटीच्या सात ओळी नीट वाचा की! १९६६ची शर्यत पावसामुळे दोन फेऱ्या आधीच थांबली. १९७४ला तेलटंचाईमुळे मोजणी २१व्या फेरीपासून सुरू केली, म्हणजे प्रत्यक्षात ४५० मैलच. आणि १९७९? शेवटच्या फेरीत पुढे होते डॉनी अ‍ॅलिसन आणि यारबरो. पेटी अर्धी फेरी मागे होता. ते दोघे आपटले, गवतात उतरून हाणामारी झाली आणि पेटीने झेंडा घेतला. २०२१पेक्षा यात वेगळं काय होतं?

पट्टीही १९८८ला पहिल्यांदा आलेली नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या इंजिनांवर ती होतीच. आणि पुढच्या गाडीच्या मागे चिकटून हवेचा फायदा घेणं हा ट्रॅकइतकाच जुना प्रकार आहे. १९६०ला ज्युनियर जॉन्सनने दुसरी डेटोना ५०० कमी वेगाच्या शेवरोलेने जिंकली ती याच जोरावर. तुमचा कापाकापीचा प्रस्ताव इतिहासात बसत नाही.

ऑरलँडोकर

मी तासाभराच्या अंतरावर राहतो, ट्रॅक आतून पाहिला आहे. वळणांचा उतार ३१ अंशांचा. टीव्हीवर तो कळतच नाही. पायथ्याशी उभं राहिलं की समोर रस्ता नाही, डांबराची भिंत दिसते. त्यासाठी लागलेली माती मैदानाच्या मधोमध खणून काढली आणि त्या खड्ड्याचा तलाव झाला, लेक लॉइड. अशा उतारावर दोन्ही बाजूंना गाड्या असताना स्टिअरिंग स्थिर ठेवणाऱ्याला नशीबवान म्हणू नये, एवढीच विनंती.

चक्रधर

@घाटवळण, तेव्हाची पट्टी मोठ्या इंजिनांना आवरायला होती. त्या काळी चांगली गाडी पुढे निघून जाऊ शकत होती. १९८०ला बडी बेकरने ताशी १७७.६०२ मैल सरासरीने शर्यत मारली, तीही अजून अबाधित आहे. त्या शर्यतीत गाडी आणि चालक दोघांचा कस लागला. आज डेटोनाला सरस गाडी बांधूनही काय साधतं? टोनी स्ट्यूअर्ट, तीनदा चॅम्पियन, डेटोनाचीच दुसरी, जुलैतली शर्यत चारदा जिंकला. फेब्रुवारीतली एकदाही नाही.

वैदेही_आ

स्ट्यूअर्टचं उदाहरण द्यायचं तर डेव्हिड पिअर्सनचंही द्या. कप मालिकेत १०५ विजय, पेटीच्या २०० नंतर दुसरा क्रमांक. जुलैची शर्यत पाच वेळा, डेटोना ५०० एकदाच, १९७६ला. म्हणजे १९८८च्या आधीही ही शर्यत थोरामोठ्यांना नाकारत होतीच.

आता डेल अर्नहार्ट. डेटोनावर ३४ विजय असं सगळीकडे छापतात. त्यांची फोड कुणी करत नाही. कप मालिकेच्या गुणांच्या शर्यती त्यात फक्त ३: जुलैत १९९० आणि १९९३, आणि विसाव्या प्रयत्नात १९९८ची डेटोना ५००. बाकी पात्रता शर्यती (५००च्या आधी सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या, तेव्हा १२५ मैलांच्या) १२, बुश मालिका (नॅसकारची दुय्यम मालिका) ७, क्लॅश (बिनगुणांची शर्यत) ६, आयरॉक (निमंत्रितांची, सारख्या गाड्यांची मालिका) ६. मला यातला पात्रता शर्यतींचा आकडा फार मोलाचा वाटतो. १९९० ते १९९९ सलग दहा वर्षं त्याने आपली पात्रता शर्यत जिंकली. पट्टी तीच, ट्रॅक तोच, घोळकाही तोच. निव्वळ नशिबाने सलग दहा होत नाहीत. मग ५०० मैलांतच का हुकायचं? १२५ मैलांत दुसऱ्याच्या चुकीला वेळ कमी मिळतो. १९९०ला तर शेवटच्या फेरीत तोच पुढे होता, टायर फुटलं आणि डेरिक कोप जिंकला. शर्यत लांबली की असे धोके वाढतात. त्यामुळे फरक शोधायचा तर शर्यतीच्या लांबीत शोधा, पट्टीत नको.

ऑरलँडोकर

१८ फेब्रुवारी २००१ला याच शर्यतीच्या शेवटच्या फेरीत अर्नहार्ट गेला. त्यानंतर मानेला आधार देणारं हान्स उपकरण सक्तीचं झालं, धक्का शोषणाऱ्या भिंती आल्या. तेव्हापासून कप मालिकेच्या शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही. तक्ता कापायचाच तर मी २००१ला कापेन.

चक्रधर

वैदेहीताई, दहा सलग पात्रता शर्यतींचा मुद्दा वजनदार आहे. पण तो माझ्याच बाजूचा धरतो. घोळक्याचा सर्वांत मोठा उस्ताद ५०० मैलांत एकदाच जिंकत असेल, तर त्या एका निकालावर कुणाची थोरवी ठरवायची नाही, एवढंच मी म्हणतोय.

घाटवळण

मग हॅमलिनने पाच वर्षांत तीन कशा जिंकल्या? २०१६, २०१९, २०२०. विल्यम बायरनने २०२४ आणि २०२५ लागोपाठ. हॅमलिनची २०१६ची आघाडी होती ०.०१० सेकंद, आणि शेवटच्या वळणांत मार्टिन ट्रूएक्सला गाठायला त्याने रांग कधी सोडली ते पुन्हा एकदा बघा. तक्ता एकच राहू द्या. फार तर १९७४च्या ओळीसमोर ४५० मैल असं लिहा.