बोटीवरच्या जेवणाला पुरुषांनी जॅकेट घालायचं का?

प्रेषक: सहल समिती
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

समुद्रप्रवासाच्या बेताला भरपूर कुटुंबांनी होकार कळवला, सगळ्यांचे आभार. दोन पर्याय आहेत. पहिला म्हणजे 'क्वीन मेरी २'वरून साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क, ७ रात्री, मध्ये एकही बंदर नाही. दुसरा, नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या एखाद्या बोटीवर साधारण तेवढ्याच रात्री.

केबिन आणि तारखांबद्दल फारसा वाद नाही. घोडं अडलंय ते पुरुषांच्या कपड्यांवर. क्वीन मेरीवर अशा सफरीत साधारण दोन 'गाला' संध्याकाळी असतात. त्या रात्री मुख्य डायनिंग रूममध्ये डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि टाय किंवा बो लागतो. काहींना हे हवंहवंसं वाटतंय, काहींनी तर एवढ्याच कारणासाठी नाव मागे घेऊ म्हणून कळवलंय. फोनवर वेगवेगळं बोलण्यापेक्षा इथे सगळ्यांसमोर बोलू या.

सहल समितीतर्फे

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

नमस्कार,

नाव मागे घ्यायला निघालेला तो मीच, तेव्हा कारणही मीच सांगतो.

नोकरीची सगळी वर्षं कोट-टाय घालून काढली. सुट्टीवर निघाल्यावर, स्वतःच्या पैशानं भरलेल्या जेवणाला बसताना, गळ्याशी काय बांधायचं हे दुसऱ्यानं का ठरवावं? स्वच्छ, इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, चांगली पँट, पॉलिश केलेले बूट एवढं पुरेसं आहे. कुणी बनियनवर किंवा पोहण्याच्या चड्डीत येऊन बसावं असं मी म्हणत नाही. माझा विरोध जॅकेटच्या सक्तीला आहे.

आणि परंपरेचं म्हणाल तर ती तरी कुठे एका जागी थांबली? ज्याला आपण आज सर्वांत औपचारिक समजतो ते डिनर जॅकेट जन्मलं तेच मुळी सवलत म्हणून. लंडनच्या हेन्री पूल या शिंप्यांच्या पेढीनं १८६५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससाठी आखूड जॅकेट शिवलं, घरगुती जेवणाला लांब शेपटीचा कोट नको म्हणून. अमेरिकेत टक्सीडो पार्क क्लबात १८८६ च्या सुमारास ते रुळलं, तिथूनच त्याला 'टक्सीडो' हे नाव मिळालं. तेव्हाच्या जुन्या मंडळींना तेसुद्धा ढिलेपणाचंच वाटलं असणार. मग आपल्या काळानं आणखी एक पाऊल पुढे टाकलं तर बिघडलं कुठे?

धंद्यानंही हे ओळखलंय. नॉर्वेजियननं २००० साली 'फ्रीस्टाइल' पद्धत आणली. ठरावीक वेळ नाही, ठरावीक टेबल नाही, फॉर्मल रात्रीची सक्ती नाही. सेलिब्रिटी क्रूझेसनं २०१५ च्या शेवटी फॉर्मल नाइट बंद करून 'ईव्हनिंग शिक' सुरू केलं, त्यात जॅकेट ऐच्छिक आहे. वायकिंगच्या सागरी बोटींवर फॉर्मल रात्रच नाही. ओशनियावर जॅकेट कधीच लागत नाही. या बोटी काही गलिच्छ नाहीत. तिथेही लोक नीटच जेवतात.

माझं मत दुसऱ्या पर्यायाला.

---

प्रेषक: एक सभासद

काका, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतिहास बरोबर आहे आणि तुम्ही दिलेली बोटींची नावंही बरोबर आहेत. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. जरा सविस्तर लिहिते.

> स्वतःच्या पैशानं भरलेल्या जेवणाला बसताना, गळ्याशी काय बांधायचं हे दुसऱ्यानं का ठरवावं?

कारण त्या खोलीतल्या इतरांनीही पैसे भरलेत, आणि त्यातल्या पुष्कळांनी ते याच संध्याकाळीसाठी भरलेत. गाला रात्र ही बोटीनं विकलेली गोष्ट आहे, जशी बाल्कनीची केबिन विकतात तशीच. ती एकट्यानं उपभोगता येत नाही हाच तिचा स्वभाव. झुंबराखाली शंभर टेबलं भरलीत, सगळे ठेवणीतल्या कपड्यांत आहेत, संगीत चालू आहे, जेवणानंतर बॉलरूममध्ये नाच आहे. हे दृश्य सगळे मिळून उभं करतात. निम्म्या पुरुषांनी नुसत्या शर्टावर यायचं ठरवलं की उरलेल्या निम्म्यांची गाला रात्रही संपते, त्यांनी कितीही नटून येवो. उलट बाजूनं पाहा. मी नटून आले म्हणून बुफेत शर्टावर जेवणाऱ्याचं काहीच जात नाही.

दुसरी गोष्ट मनाला लागते म्हणून स्पष्ट लिहिते. कपड्यांचे नियम ढिले करा म्हणताना सवलत नेहमी पुरुषांसाठीच मागितली जाते. 'जॅकेट ऐच्छिक' झालेल्या बोटींवर मी डोळ्यांनी पाहिलंय, बायका तेवढ्याच निगुतीनं तयार होऊन येतात. केस, कपडे, टाचांच्या चपला, सगळं. शेजारी नवरा ऑफिसातून सुटल्यासारखा बसलेला असतो. एका संध्याकाळीसाठी दोघांनी सारखे कष्ट घ्यावेत ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. पुरुषांचं काम त्या मानानं सोपंच आहे. एक गडद सूट दोन्ही रात्री चालतो, शर्ट आणि टाय बदलला की झालं.

तिसरं म्हणजे आपल्याला वाढणारी माणसं. ती रोज रात्री, दोन-दोन पंगतींना, पूर्ण गणवेशात उभी असतात, महिनोन्‌महिने घरापासून लांब. त्यांच्या समोर आठवड्यातून दोनदा आपणही नीट कपडे करून बसलो तर ते जेवण एका बाजूनं सेवा आणि दुसऱ्या बाजूनं आराम एवढंच राहत नाही. हे मी कुणाला पटवून देऊ शकेन की नाही ठाऊक नाही, पण मला ते खोलवर वाटतं.

राहिली सक्ती. सक्तीची चीड मलाही आहे, ती अडवणूक होते तेव्हा. जॅकेट नाही म्हणून कुणाला उपाशी राहावं लागत असेल तर मी काकांच्या बाजूनं भांडेन. पण क्वीन मेरीवर तसं नाही. गाला संध्याकाळीसुद्धा किंग्ज कोर्ट हा बुफे आणि गोल्डन लायन हा पब साध्या कपड्यांतल्या लोकांसाठी उघडे असतात. केबिनमध्येही जेवण मागवता येतं. बाकीच्या रात्री कॉलरचा शर्ट आणि नीट पँट पुरते, ब्लेझर आता ऐच्छिक आहे. शिवाय नियम तिकीट काढायच्या आधी लिहून दिलेला आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की जॅकेट घालायचं की नाही हे बोट निवडताना ठरवावं. एकदा गाला रात्रीची बोट निवडली की डायनिंग रूमच्या दारात उभं राहून त्यावर वाद घालू नये. जॅकेट नको असणाऱ्यांसाठी उत्तम बोटी आहेत, काकांनीच यादी दिली. मात्र ज्या थोड्या बोटींवर ही पद्धत अजून टिकून आहे तिथे जाऊन ती सैल करा म्हणू नये. तेवढी एक जागा तरी राहू द्या.

माझं मत पहिल्या पर्यायाला.

---

प्रेषक: एक तरुण सभासद

नमस्कार,

तत्त्वाचं मोठ्यांनी बघावं, मी सामानाचं बोलतो, कारण घरात खरा विरोध तिथून येतो.

विमानात इकॉनॉमीला साधारण २३ किलोची एक बॅग मिळते. त्यात सूट चुरगळतो. सोपा उपाय म्हणजे जॅकेट अंगावर घालून विमानात चढायचं आणि आत गेल्यावर वर घडी करून ठेवायचं. पातळ लोकरीचं जॅकेट घ्या. सुती किंवा लिननचं दिसतं छान, पण प्रवासात त्याची पार रया जाते. चुण्या पडल्याच तर आंघोळीच्या वेळी बाथरूममध्ये टांगून ठेवा, वाफेनं बऱ्याच उतरतात.

घरून इस्त्री किंवा स्टीमर अजिबात आणू नका. आगीच्या भीतीनं बोटींवर केबिनमध्ये त्याला बंदी असते, बॅग तपासताना काढून घेतात. क्वीन मेरीवर प्रवाशांसाठी मोफत लाँड्री आहे, इस्त्रीची सोयही आहे. सगळीकडे तसं नसतं, उदाहरणार्थ रॉयल कॅरिबियनच्या बोटींवर स्वतः कपडे धुवायची सोयच नाही.

आणि एक. पहिल्या नि शेवटच्या रात्री गाला नसते. पहिल्या दिवशी बॅगा केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ होते, आणि उतरण्याच्या आदल्या रात्री बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या रात्रीच उचलून नेतात. फार जुन्या काळापासून बोटींवर ही रीत आहे. त्यामुळे सूट बॅगेच्या तळाशी असला तरी पहिल्या दिवशी घाई करू नका.

डिनर जॅकेट मुद्दाम विकत घ्यायची गरज नाही, गडद सूट चालतो. आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही चालतो, म्हणजे बंदगळा असेल तर टायचा प्रश्नच मिटला.

---

प्रेषक: एक सभासद

नमस्कार. मी सहसा इथे लिहीत नाही.

माझे सासरे बरोबर येणार आहेत. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात पूर्ण वर जात नाही. जॅकेट चढवायला दोन माणसं लागतात, ते दुखतं, आणि नंतर ते जेवणभर गप्प असतात. बुफेत त्यांना नेता येत नाही, गर्दीत ताट घेऊन चालणं जमत नाही. म्हणजे ताईंनी लिहिलेली दुसरी वाट त्यांच्यासाठी नाही. एकदा एका बोटीवर डायनिंग रूमच्या दारात, मागे रांग उभी असताना, मला हे सगळं मोठ्यानं सांगावं लागलं होतं. सोडलं आत, पण सासऱ्यांनी त्यानंतर डायनिंग रूमचं नाव काढलं नाही.

नियम असावा की नसावा याबद्दल मला काही म्हणायचं नाही. अशा माणसांचं काय, एवढंच आधी ठरवा.

---

प्रेषक: एक सभासद

वहिनी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. माझ्या पत्रात हा विचार यायला हवा होता.

आजारपण, अपंगत्व, अंगावर जाड कापड सहन न होणारी त्वचा, यातल्या कशासाठीही दारात कुणाला कारण विचारलं जाऊ नये. बोटीच्या कंपनीकडे आरक्षण करतानाच विशेष गरजांची नोंद करता येते, आणि पहिल्याच दिवशी डायनिंग रूमच्या मुख्य व्यवस्थापकाला एकांतात भेटून सांगता येतं. समितीनं आपल्या गटाच्या वतीनं हे लेखी करून घ्यावं, म्हणजे कुटुंबाला बोलावं लागणार नाही. त्यांनी लेखी होकार दिला नाही तर मी माझं मत मागे घेईन. खांद्यावर शाल किंवा सैल कार्डिगन घेऊन आलेला माणूस गाला रात्रीत काहीही कमी करत नाही. ज्याला घालता येत नाही आणि ज्याला घालायचं नाही, या दोघांना एकाच तागडीत तोलू नका.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

ताई,

बायकांच्या तयारीचा मुद्दा वाचून आमच्या घरी जेवताना बरीच चर्चा झाली. सौ. तुमच्या बाजूनं आहेत आणि त्यांनी तसं कळवायला सांगितलंय.

माझं मत जॅकेटबद्दल तेच आहे. ज्या बोटीवर ते ऐच्छिक आहे तिथे ते अंगावर न घालता मी ताठ मानेनं बसेन. पण वाट निवडायची मोकळीक आहे तिथे सक्तीची तक्रार करणं सयुक्तिक नाही, हे मला मान्य आहे. माझा प्रश्न आता वेगळा आहे. आपला गट एकत्र जेवावा म्हणून आपण निघालो आहोत. गाला रात्री निम्मे डायनिंग रूममध्ये आणि निम्मे बुफेत बसले तर तो गट कसला? माझ्यासारखे चार-पाच जण तरी निघतील. त्यांनी दोन्ही रात्री वेगळं जेवायचं का?

---

प्रेषक: एक सभासद

नाही काका, दोन्ही रात्री नको. पहिल्या गाला रात्री ज्यांना हवं ते डायनिंग रूममध्ये, बाकीचे बुफेत. दुसऱ्या गाला रात्री आपण सगळेच किंग्ज कोर्टमध्ये एकत्र जेवू, मीसुद्धा. माझी एक रात्र पुरेपूर मिळाली की मला दुसरीचा हट्ट नाही. उरलेल्या पाच रात्री तुमच्या इस्त्रीच्या शर्टावर सगळे एका टेबलाशी. आणि त्या पहिल्या रात्री, जेवण झाल्यावर, सौ. काकूंना बॉलरूममध्ये यायचं असेल तर मी त्यांना घेऊन जाईन.

---

प्रेषक: सहल समिती

मंडळी,

इतकी मनापासूनची पत्रं आल्यावर समितीचं काम सोपं झालं. आम्ही असं करतोय:

क्वीन मेरीच्या गटआरक्षण विभागाला आजच लिहितो. आरोग्याच्या कारणानं जॅकेट न घालणाऱ्या सभासदांना डायनिंग रूममध्ये विनाप्रश्न प्रवेश मिळेल असं लेखी मागतो. अशा सभासदांनी आपली नावं फक्त समितीला कळवावीत, कारण लिहू नये. उत्तर नकारार्थी आलं तर नॉर्वेजियनचा पर्याय घेऊ, त्यावर पुन्हा मतदान नाही.

होकार आला तर ताईंनी सुचवल्याप्रमाणे एक गाला रात्र ज्याच्या त्याच्या इच्छेवर, दुसरी सगळ्यांनी मिळून बुफेत. डायनिंग रूममध्ये किती जागा सांगायच्या हे ठरवण्यासाठी पहिल्या गाला रात्री कोण कुठे जेवणार ते रविवारपर्यंत कळवा. काका, तुमच्या घरून दोन वेगळी उत्तरं आली तरी चालतील.

सहल समितीतर्फे